चावी उघडली होती ना?

रिक्षा इतवाऱ्याच्या बाजारात शिरली आणि निशा मनातल्या मनात उजळणी करू लागली. वॉर्डातल्या गोदाबाईंचा ऑक्सिजनचा रिकामा सिलेंडर काढला, भरलेला लावला, इथवर आठवत होतं. पण त्याची चावी उघडली होती का?

कोरोनाची दुसरी लाट आल्यापासून या नर्सबाईच्या मनाला हाच किडा लागला होता. त्यात ते पीपीई किट! गॉगलवर वाफ, हातांत दोन-दोन हातमोजे. चावी फिरली की नुसती बोटं फिरली, कळेल तर शपथ. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, ते उगाच नाही. निंबोल्याहून आलेल्या म्हाताऱ्या गोदाबाईंना धाप लागलीय आणि कुणाचं लक्षच नाही, हे तिला भर दुपारी डोळ्यांसमोर दिसायला लागलं. वॉर्डातला फोन कुणी उचलेना. किट घातलेल्या माणसाने उचलायचा तरी कसा?

"भैया, रिक्षा वापस घ्या. दवाखान्यात."

"काही राहून गेलं का मॅडम?"

निशाने पुन्हा वॉर्डाचा नंबर लावला. कालही ती अशीच परतली होती, परवाही. दोन्ही वेळा चावी उघडीच निघाली. इन्चार्ज मंगला सिस्टर कडाडल्या होत्या, "हे रोज चाललं तर पागल होशील तू! सुट्टीवर जा." माणसं आधीच अपुरी, आणि म्हणे सुट्टी! आज त्यांचीही ड्यूटी संपली होती, तेवढंच नशीब.

वॉर्डाच्या दारात आया मालूबाईंनी अडवलं. "बिना किटच्या आत नको बाई. मागच्या खिडकीतून पाहून घ्या."

निशा वळसा घालून मागे गेली आणि थबकली. घरी जायला निघालेल्या मंगला सिस्टर, खांद्याला पर्स, काचेला नाक लावून उभ्या होत्या. निशाला पाहून त्या रागावल्या नाहीत. डोळे रडून लाल झाले होते.

"तू गेल्यावर मीच गोदाबाईची चावी तपासली," त्या म्हणाल्या. "तपासताना बंद तर नाही ना केली? बाटलीत बुडबुडे दिसतात गं, पण माझ्या डोळ्यांवर माझाच भरोसा नाही राहिला. तू बघ ना."

निशाने काचेला कपाळ टेकवलं. ऑक्सिजनच्या बाटलीत बुडबुडे येत होते. गोदाबाईंची छाती संथ वर-खाली होत होती.

"चालू आहे, सिस्टर."

"पक्कं?"

"पक्कं."

कित्येक दिवसांत निशाला एवढी खात्री कशाचीच वाटली नव्हती. पण दोघींपैकी एकीचाही पाय तिथून निघेना.