हिसका

"बाबा, दोरा नुसता धरायचा. ओढायचा नाही," गाडी चालवता चालवता मुलगी पुन्हा म्हणाली.

"कळतंय गं. मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

मागच्या सीटवर ढब्बू त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडला होता. कुत्र्याच्या तोंडातून मासेमारीचा पारदर्शक दोरा बाहेर आला होता आणि आत, घशाखाली कुठेतरी, गळ रुतला होता. तळ्याकाठी कोणीतरी गुंता झालेला दोरा आमिषासकट गवतात टाकून दिला होता. कोणीतरी म्हणजे कोण, हे दोघांनीही उच्चारलं नव्हतं. त्या काठावर गळ टाकून रोज बाबाच बसत.

"आलोच हं, राजा. डॉक्टर गळ काढतील, मग घरी जाऊन माझी दुसरी चप्पलही खा."

ढब्बूने शेपूट हलवली. मग त्याला ढास लागली. त्याने मान झटकली, दोऱ्याला हिसका बसला आणि बाबांचं मनगट आपोआप वर गेलं. मासा लागला की जातं, तसंच.

ढब्बू ओरडला नाही. त्याच्या तोंडातून रक्त बाबांच्या मांडीवर सांडू लागलं.

"काय झालं, बाबा?"

"पळव," ते म्हणाले. "गाडी पळव गं, बाई."

दवाखान्यात डॉक्टरांनी ढब्बूच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं. मग ती कानातून काढली.

"आजोबा, आता सोडा दोरा. सोडला तरी चालेल."

बाबांनी मूठ उघडली नाही.