येसाजीची पाठ मी सांभाळली

मित्रांनो, दरवाजे गावोगाव पुष्कळ असतात. पण ज्याला गावाने चौकटीतून काढून खांद्यावर घेतले, असा जुना दरवाजा आमच्या पंचक्रोशीत मी एकटाच, आणि हे सांगताना मला मुळीच संकोच वाटत नाही. कर्जतपासून दीड कोसावर, डोंगराच्या पायथ्याला येसाजीचे घर आहे. बोरघाटातून आगगाडी धावू लागली, त्यानंतर चार-पाच वर्षांनी नागू सुताराने सागाच्या तीन रुंद फळ्या जोडून मला घडवले. नक्षी नाही, कमळ नाही, एक उंचवटासुद्धा नाही. येसाजीची बायको चंद्राबाई मला पाहून म्हणाली होती, "नागूदादा, ह्ये कवाड हाय का जेवायचा पाट?" नागू हसला. मी मात्र ते मनाला लावून घेतले.

पुढे पंधरा वर्षे मी इमानाने उघडलो आणि मिटलो. चोर, बिबट्या, आडवा पाऊस, सगळ्यांना बाहेर ठेवले. त्याबद्दल कोणी मला शाबासकी दिली नाही.

आमच्या भागात भाताचे बी पेरण्याआधी जमीन भाजतात. त्यासाठी ऐनाच्या उंच झाडांवर चढून फांद्या तोडायच्या आणि त्या शेतात पसरून पेटवायच्या. त्याला राब म्हणतात. राबाच्या दिवसांत कोणी ना कोणी झाडावरून पडतेच. येसाजीचा धाकटा भाऊ धाकलू असाच पडला. झाडाखाली त्याच्या पायांचे अंगठे हलत होते, हे चार जणांनी पाहिले. पण आमच्याकडची रीत म्हणजे झोळी. बांबूला घोंगडी बांधायची, तीत माणूस घालायचा आणि घराकडे पळत सुटायचे. ती झोळी माझ्यासमोरून आत आली, तेव्हा धाकलूचे गुडघे हनुवटीला टेकले होते. खाली उतरवला, तर पाय हलेनात.

नंतर ते पाय ताठ झाले. मधूनच आपोआप झटका देत, पण धाकलूचे मात्र ऐकत नसत. दोन वर्षे लोकांनी पायांना तेल चोळले, देवाला कोंबडे दिले. पाठीकडे कोणी पाहिलेच नाही.

मग एकदा अब्दुल ओसरीवर आला. तो कापडाचे गाठोडे घेऊन गावोगाव फिरे. तरुणपणी घाटात रेल्वेच्या दवाखान्यात पट्ट्या बांधायला होता. त्याने धाकलूचे पाय चाचपले, मग पाठीवरून हात फिरवला.

"पाय चांगले हायेत, वैनी," तो चंद्राबाईला म्हणाला. "पायाला हुकूम डोक्यातून येतो, मेंदूतून. मनक्यांच्या पोकळीत एक दोरी हाय, तिच्यातून त्यो खाली उतरतो. खंडाळ्याहून तार केली आन मधी तार तुटली, तर कर्जतच्या टेसनमास्तरला काय कळंल? मास्तर तर जाग्यावरच बसलाय."

"पर पडल्यावर अंगठं हलत व्हतं की," चंद्राबाई म्हणाली.

"मंग तवा दोरी शाबूत असंल. मनका मोडला तरी कदी कदी ती वाचती. आपुनच मानसाला झोळीत दुमडतो आन ती चेंगरतो."

चंद्राबाईच्या हातातले सूप थांबले. धाकलूने मान खाली घातली. अब्दुल गाठोडे बांधून गेला, पण ते बोलणे घरात राहिले.

पुढच्याच वर्षी, राबाच्याच दिवसांत, शेजारची चिमा धापा टाकत आली. येसाजी ऐनावरून पडला होता. माणसे बांबू आणि घोंगडी शोधू लागली. चंद्राबाईने माझ्यावर हात ठेवला. "झोळी नको. कवाड काढा."

आबाजी पाटील चिडले. "अगं, दिवसाढवळ्या घराचं दार काढतीस? आन जित्या मानसाला तिरडीवानी आडवा घालून नेनार? लोक काय म्हनतील?"

"म्हनू द्या, काका. धाकल्या भावजींना आपुन समद्यांनी झोळीत घातलं. ह्येंना मी दुमडू देनार नाय."

तिनेच मला हिसका दिला. मग दोघे पुढे झाले आणि मी खाचेतून सुटलो. जन्मात पहिल्यांदा मी घराबाहेर पडलो.

झाडाखाली येसाजी उताणा होता. चंद्राबाई म्हणाली, "पायाचा अंगठा हलवा बगू." अंगठा हलला, जेमतेम. तिने त्याचे डोके दोन्ही हातांत सरळ धरले. चौघांनी खांदा, कंबर, मांड्या धरून त्याला एकदम, ओंडका वळवावा तसा कुशीवर वळवले आणि मला खाली सरकवले. लुगड्याने त्याला माझ्याशी बांधले. कर्जतपर्यंत दीड कोस मी त्याला घेऊन गेलो. एका कोपऱ्याला आबाजी पाटलांचाच खांदा होता. ओढ्यात त्यांचा पाय घसरला, पण त्यांनी मला कलंडू दिले नाही.

कर्जतच्या डॉक्टरांनी पाठ तपासली. मणका चिरला होता, आतली दोरी वाचली होती. "ह्याच फळीवर राहू द्या," ते म्हणाले. घरी परतल्यावर दोन महिने मी येसाजीची खाट झालो. चौकटीत बांबूचे झाप होते आणि आल्या-गेल्याला चंद्राबाई मलाच दाखवत होती. नक्षीवाल्या दरवाज्यांनो, ऐकताय ना?

तिसऱ्या महिन्यात येसाजी काठी टेकत उभा राहिला आणि उंबऱ्यापर्यंत चालला. बायका हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. तेवढ्यात धाकलू हातांवर अंग ओढत माझ्याजवळ आला. त्याने माझ्यावर तळवा ठेवला.

"दादा चालला, लई बरं झालं," तो म्हणाला. "पर वयनी, माज्या वक्ताला बी ह्ये कवाड हितंच व्हतं गं."

चंद्राबाई त्याच्याशेजारी खाली बसली. तिनेही आपला तळवा माझ्यावर ठेवला.

त्यानंतर मला सात वेळा काढले गेले. प्रत्येक वेळी धाकलू कोणाच्या तरी पाठंगुळीला बसून झाडाखाली येतो. पायाचा अंगठा हलतो का ते बघितल्याशिवाय आणि मी पोचल्याशिवाय तो कोणाला हात लावू देत नाही. सातांपैकी पाच जण चालत घरी आले. त्यांचा मला अभिमान आहे, आणि धाकलूचा त्याहून अधिक.

म्हणून तुम्हाला एवढेच सांगतो. उंचावरून पडलेल्याला बसवू नका, ओढू नका, दुमडू नका. आणि तुमच्या घरातही माझ्यासारखा कोणी गुपचूप उभा असेल. वेळ येण्याआधी त्याच्याकडे एकदा बघून ठेवा.