उतरायचं राहिलेलं यान

मी रिमोट बोलतोय, आणि गोड बोलायची आज माझी इच्छा नाही. अंगावरचे आकडे पुसलेत, पाठीचं झाकण रबरानं बांधलंय. ते कसं फुटलं ते ऐका, म्हणजे माझ्या रागाचं कारण कळेल.

टीव्हीबरोबर खोक्यात बसून मी एका केस कापणाऱ्याच्या घरी आलो. पुढं दुकान, मागं घर. लेक त्यांना अप्पा म्हणायची, म्हणून मीही म्हणतो. अप्पांना वेड एकच, अंतराळातल्या गोष्टींचं. गिऱ्हाइकाच्या मानेवर वस्तरा ठेवून ते त्याला कृष्णविवर समजावायचे. बिचारा मान हलवून नाहीही म्हणू शकत नसे.

लेकीनं ते वेड बापाकडूनच उचललं. चष्म्याच्या दुकानातली नोकरी आटपून ती आली की दोघं मला मध्ये ठेवून बसत. त्यांचा नियम होता, तीन चुका माफ, चौथीला टीव्ही बंद. हवा नसलेल्या ठिकाणी धडाम् आवाज झाला, एक. परग्रहावरचे लोक आपलीच भाषा बोलले, दोन. चूक दिसली की माझं आवाज बंद करायचं बटण दाबायचं आणि मनसोक्त भांडायचं. त्या बटणावरचं चित्र केव्हाच झिजून गेलं.

बहुतेक सिनेमे अर्ध्या तासात आटपत. जाहिरात बघून दोघं हरखायचे आणि निघायचं काय, तर डोंगर पोखरून उंदीर. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हे दोघं पुन्हा दूधच तोंडाला लावायचे. तेव्हा मला यांचाच राग यायचा.

एक मालिका मात्र चौथ्या चुकीपर्यंत कधी गेली नाही. परतीच्या वाटेवर भरकटलेलं यान आणि त्यातली माणसं. त्या वेळेला अप्पा दुकानाचं शटर खाली ओढायचे, गिऱ्हाईक असलं तर त्यालाही आत बसवायचे. आणि एके दिवशी ती बंद झाली. बघणारे कमी पडले म्हणे. यान तसंच अंधारात सोडलं आणि त्या जागी नाचाची स्पर्धा सुरू केली.

वर्षं गेली. अप्पांची छाती अधू झाली, दुकान बंद पडलं. पुढच्या वर्षाच्या गोष्टी करू नका, असं डॉक्टरांनी लेकीला सांगितलं. तिनं ते फोनवर आत्याला सांगितलं तेव्हा मी शेजारीच पडलो होतो. नेमकी तेव्हाच बातमी आली की त्या मालिकेचा शेवट दाखवणारा सिनेमा येतोय. 'यान घरी येतंय' अशी जाहिरात. अप्पा उशीला टेकून बसायला लागले. दोन घास जास्त खायला लागले.

सिनेमा टीव्हीवर लागला त्या दुपारी लेकीनं रजा घेतली. पहिल्या गाण्याआधीच चार चुका झाल्या. तिनं मला उचललं, तर अप्पांनी तिचा हात धरला.

"राहू दे. यान पोचतंय का, तेवढं बघू."

यान जवळ आलं. निळा गोळा दिसला, नायकानं डोळे पुसले, आणि पडद्यावर अक्षरं आली की पुढचा भाग पुढच्या वर्षी.

लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं मला भिंतीवर हाणलं. झाकण तेव्हाच फुटलं. मला तिचा राग नाही आला. हात असते तर मीही काहीतरी फेकलं असतं.

"त्याला का मारतेस?" अप्पा म्हणाले. "त्यानं थोडीच लिहिलंय." मग जरा दम खाऊन म्हणाले, "आता तूच सांग. पोचतं का ते?"

ती सांगायला लागली. रोज दुपारी थोडं थोडं. अप्पा हात वर करून चुका काढायचे, ती दुरुस्त करायची. त्या सिनेमापेक्षा शंभर पटीनं बरी गोष्ट होती. पण यान उतरायला आलं की ती काहीतरी विघ्न काढायची. कधी इंधन गळायचं, कधी वादळ यायचं. मग म्हणायची, उद्या सांगते. शेवट ऐकायचा राहिलाय तोवर अप्पा कुठं जात नाहीत, असं तिनं मनाशी धरलं होतं. अप्पांनाही ते कळत असावं. एकदा ते म्हणालेच, "उतरव गं आता."

"उद्या नक्की," ती म्हणाली.

ती उद्याची दुपार अप्पांना मिळाली नाही.

खोटं कशाला बोलू, तिचा मला राग आला. त्या सिनेमावाल्यांनी पैशासाठी केलं, हिनं मायेपोटी, पण अप्पांच्या तोंडाला पानं दोघांनीही पुसली. मग ती रिकाम्या खाटेशी बसून स्वतःला नाही नाही ते बोलली, आणि माझा राग पुन्हा त्या सिनेमावाल्यांकडेच वळला. शेवट लांबवायचा असतो, हे तिला शिकवलं कोणी?

आता मी खिडकीत पडून असतो. माझे सेल भिंतीवरच्या घड्याळात गेलेत. दुसरा भाग नुकताच आला. यान मोठ्या थाटात उतरतं म्हणे. बघून घे एकदा, असं सांगायला आत्याचा फोन आला होता.

लेक म्हणाली, "कोणाबरोबर बघू?"

गोष्टी रचणाऱ्यांनो, चुका वाटेल तेवढ्या करा, पण सुरू केलेली गोष्ट संपवा. समोर बसलेल्या माणसाकडे किती दुपारी उरल्यात, ते तुम्हाला दिसत नाही. मी त्याच्या हातात असतो, मला कळतं. तुमचं यान उतरलं असेल. अप्पांचं अजून वरच फिरतंय, आणि ते आता कोणाच्यानं उतरायचं नाही.