चिकटपट्टीमागचा आवाज

मित्रांनो, मला भंगारात काढण्याआधी माझं थोडं ऐका. मी मुलुंडच्या एका घरातला जुना स्टिरिओ आहे. दिसायला ठोकळा, पण आवाजाने खणखणीत. शरच्चंद्रांनी दिवाळीच्या बोनसातून मला लॅमिंग्टन रोडच्या रेडिओ-बाजारातून आणलं, तेव्हा टॅक्सीत ते मला मांडीवर घेऊन बसले होते. पुढे कित्येक वर्षं दिवाळीच्या पहाटे मी गायलो की अख्खी बिल्डिंग जागी व्हायची. एकानेही कधी तक्रार केली नाही, हे मी अभिमानाने सांगतो.

शरच्चंद्रांना वस्तू जपायचं भारी वेड. रिमोटला प्लास्टिक, सोफ्यावर चादर, माझ्यावर क्रोशाचा रुमाल. मला जोडलेलं तबकड्यांचं यंत्र बिघडलं, कॅसेटचं कोणी मागून नेलं आणि मी रुमालाखाली मुका झालो. मग शरच्चंद्रांना कमी ऐकू येऊ लागलं. त्यांच्या मुलाने, निहारने, कानाचं यंत्र आणून दिलं. तेही खराब होऊ नये म्हणून त्यांनी डबीत जपून ठेवलं!

अशातच मेलबर्नहून त्यांच्या मुलीचा निरोप आला. रविवारी संध्याकाळी नात शर्मिष्ठा पहिल्यांदा रंगमंचावर गाणार होती आणि ते लॅपटॉपवर दिसणार होतं. लॅपटॉपचे स्पीकर म्हणजे डासाची गुणगुण. शरच्चंद्रांच्या पत्नी जयंतीबाईंनी पदर खोचला. "ह्यांना नातीचं गाणं ऐकवणार म्हणजे ऐकवणार," त्या म्हणाल्या आणि माझ्यावरचा रुमाल काढला.

रविवारी निहारने वायर आणली. एक टोक लॅपटॉपमध्ये खोचलं. दुसऱ्या टोकाच्या लाल-पांढऱ्या पिना माझ्या पाठीवरच्या एकमेव उघड्या जागी लावल्या. ती जागा तबकड्यांच्या यंत्राची. तिथे आवाज अगदी क्षीण येतो, म्हणून मी तो कैकपट वाढवतो. लॅपटॉपच्या वायरीतून तो आला मुळातच जोरकस. मी तोही वाढवला आणि नुसता खरखराट झाला.

"वाट लागली याची! आई, भंगारात दे ना. मी नवीन स्पीकर आणतो," निहार म्हणाला.

माझा जीव खालीवर झाला.

"गाणं आत्ता सुरू होईल, तू आणणार कधी? सरक, मला बघू दे," जयंतीबाई म्हणाल्या.

त्यांनी चष्मा पुसला, मला फिरवलं आणि मोबाइलच्या उजेडात पाठ तपासली. धुळीखाली काळी चिकटपट्टी होती. ती त्या नखाने सोलू लागल्या, तोच शरच्चंद्र खुर्चीतून ओरडले, "अगं, पट्टी काढू नकोस! मीच लावलीय. झुरळं शिरतील!"

"शिरू देत!" जयंतीबाई त्यांच्या कानाशी जाऊन म्हणाल्या. "याचेही कान बंद करून ठेवलेत, स्वतःचेही!"

पट्टीखाली कॅसेटच्या जागेशेजारी बाहेरचं यंत्र जोडायची माझी खरी जागा होती. 'ऑक्स' असं तिथे लिहिलं होतं. निहारने पिना तिथे लावल्या, पुढचं बटण ऑक्सवर फिरवलं आणि शर्मिष्ठाचा पहिला सूर माझ्यातून निघाला. मित्रांनो, किती वर्षांनी गायलो मी! खिडकीच्या काचा थरथरल्या. शरच्चंद्र ताठ बसले आणि हाताने ताल धरू लागले.

गाणं संपल्यावर ती हळूच काही बोलली. ते मात्र त्यांना कळलं नाही.

"काय म्हणाली गं?"

"आजोबांनी शिकवलेलं पहिलं गाणं, म्हणाली."

शरच्चंद्र उठले. त्यांनी कपाटातून डबी काढली आणि यंत्र कानात घातलं. "फोन लाव तिला," ते म्हणाले. "पुन्हा सांगू दे."

मित्रांनो, वस्तू जरूर जपा, पण वापरून जपा. पट्टी लावून ठेवली तर आम्ही शाबूत राहतो, उपयोगी मात्र पडत नाही. आता मी रोज संध्याकाळी गातो. आणि झुरळं म्हणाल, तर अजून एकही आलेलं नाही.