कधीच नाही

परदेशातून आलेली एक प्रश्नावली आमच्या पुरुषांना लागू पडते का, हे तपासायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. पिळदार शरीराच्या ध्यासानं माणूस आतून किती पोखरलाय, ते तिच्यातून मोजायचं; गुण जेवढे जास्त, तेवढा त्रास मोठा. तिकडच्यांना भरघोस गुण, आणि आमचे पठ्ठे सगळे शून्याच्या आसपास! आमचे साहेब खूश. "आपली मुलं ठणठणीत आहेत," म्हणाले. मला काही ते पटेना. माझ्या घरातच असा एक ठणठणीत होता आणि त्याच्यापायी आईचा जीव टांगणीला लागला होता.

"एवढी शिकलीस, बघ ना जरा त्याच्याकडे," हे आईचं रोजचं पालुपद. तो म्हणजे माझा धाकटा भाऊ. जेवण काट्यावर तोलून घेणारा, भर उकाड्यात लांब बाह्या घालणारा.

शेवटी त्यालाच स्वयंपाकघरात बसवलं आणि तीच प्रश्नावली काढली. जिमची बॅग खांद्यावर तशीच. पाय सारखा हलत होता.

"चारचौघांत शर्ट काढला की लाज वाटते?"

"कधीच नाही."

"व्यायाम चुकला की बेचैन होतोस?"

"कधीच नाही. आवर ना ताई."

सगळी उत्तरं तीच. मला हायसं वाटलं, खोटं कशाला बोलू! पण उत्तर मिळालं की 'असं का म्हणालास?' हे विचारायची आमच्या कामात रीत असते. यावेळी घाईगडबडीत आम्ही तीच गाळली होती. ती मी त्याच्यावर वापरली.

"व्यायाम चुकला तर खरंच काही वाटत नाही?"

"चुकतोच कुठे?"

"तापात?"

"गेलो होतो."

"बाबांच्या ऑपरेशनच्या दिवशी?"

त्यानं बॅगेचा पट्टा सावरला. "आधी उरकून आलो होतो."

"आणि शर्ट?"

"चारचौघांत काढतोय कोण!"

शून्य म्हणजे त्रास नाही, असं आम्ही सगळे शहाणे धरून चाललो होतो. इथे ज्याला सर्वांत जास्त त्रास, तो प्रश्नातल्या प्रसंगाच्या वाऱ्यालाही उभा राहत नव्हता.

"आजच्या दिवस नको जाऊस," मी म्हटलं.

"बरं," तो हसला. बॅग खाली ठेवली. पाणी प्यायला. घड्याळ बघितलं, दंड चाचपला, पुन्हा घड्याळ बघितलं. मग बॅग उचलून निघाला, तशी मी दारात आडवी उभी राहिले. मला घाबरायला झालं होतं. एका हातानं उचलून त्यानं मला बाजूला ठेवलं असतं.

"जाऊ दे ना गं ताई," तो म्हणाला, आणि ओक्साबोक्शी रडायला लागला.