बालाजीवालीची कॅसेट

मी एक कॅसेट आहे, आणि आज पहिल्यांदाच स्वतःचं काही बोलतेय. आजवर माझ्या तोंडून जे बाहेर पडलं ते सगळं दुसरीचं होतं. ती दुसरी म्हणजे आयर्लंडची एक गायिका. तिचं नाव माझ्या अंगावर छापलेलं होतं, ते आता घासून गेलंय. ज्या घरात मी राहते तिथे ते नाव कुणाला धड उच्चारताही आलं नाही. तिथे तिचं नव्याने बारसं झालं.

माझा जन्म कारखान्यात झाला. आम्ही हजारो बहिणी एकाच दिवशी जन्मलो. दोन चाकं, मध्ये तपकिरी पट्टी, एवढाच आमचा संसार. त्या पट्टीवर तिचा आवाज उतरला तेव्हा खरं सांगते, मी घाबरले. आधी ती अशी हळू गाते की शेजारी बाळ निजलंय असं वाटावं, आणि पुढच्याच ओळीत असा सूर लावते की ऐकणारा हातातलं काम विसरतो. मी खिशात मावणारी, एवढीशी. माझ्यात हे सगळं मावलं कसं, याचं नवल मला अजून वाटतं.

कल्याण स्टेशनजवळच्या दुकानात मी वर्षभर पडून होते. शेजारच्या भक्तिगीतांच्या आणि कोळीगीतांच्या कॅसेटी हातोहात खपायच्या. माझ्या कव्हरवर मात्र डोक्यावर एकही केस नसलेली, टपोऱ्या डोळ्यांची तरुण मुलगी होती. लोक मला उचलायचे, बघायचे आणि चटका बसल्यासारखे खाली ठेवायचे. शेवटी एक्याण्णव साली रघू आला. शीळफाट्याजवळच्या गावचा आगरी मुलगा, कल्याणला कॉलेजात शिकणारा. इंग्रजी सुधारेल म्हणून त्याने मला घेतलं. इंग्रजी काही सुधारलं नाही.

रघूची आई कमळाबाई गावची धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण धवले गाते, म्हणजे देवांना, धरतरीला आणि घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलावते. लिहिलेलं काही नाही, सगळं तोंडपाठ. कमळाबाईने माझं कव्हर हातात घेतलं आणि निरखून बघितलं.

"ही बालाजीला जाऊन आली काय रं?"

"नाय गो आये. कंपनीवाले बोल्ले, केस वाढव, नटून रहा. त्या रागान हिनी सगले काढून टाकले."

कमळाबाईला ते पटेना. गावातल्या बायका तिरुपतीला नवस फेडून अशाच यायच्या, डोक्यावर पदर ओढून. "बाईमानूस उगाच केस देतंय? देवाला काय तरी बोललीच आसल ही," ती म्हणाली, आणि विषय संपला. त्या दिवसापासून ती बालाजीवाली. तांदूळ निवडताना कमळाबाई हाक मारायची, "रघ्या, बालाजीवाली लाव रं." शब्द एक कळत नव्हता. पण ती मान कलती करून ऐकायची, आणि गायिका श्वास कुठे घेते ते बोटाने सुपाच्या काठावर टिपायची. गाणाऱ्याला गाणारा बरोबर ओळखतो.

पुढच्या वर्षी रघूने पेपरातली एक बातमी वाचून दाखवली. बालाजीवालीने टीव्हीवर गाता गाता जगातल्या एका फार मोठ्या धर्मगुरूचा फोटो फाडला होता. लहान पोरांवर अत्याचार होतात आणि तुम्ही ते झाकून ठेवता, असं तिचं म्हणणं. लोक खवळले. तिच्या कॅसेटी रस्त्यात टाकून त्यांच्यावर रोलर फिरवला म्हणे. माझ्या सख्ख्या बहिणी त्या!  कमळाबाईने सूप खाली ठेवलं.

"पन बोलली ती खरा का खोटा?"

"ता कोनाला म्हाईत?" रघू म्हणाला. ते खरं होतं, हे जगाला कळायला बरीच वर्षं जायची होती.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात गावातल्या एका बड्या घरी तुळसा नावाच्या मुलीचं लग्न निघालं. पोर अजून नववीत होती आणि हळदीपासून रडत होती. भर मांडवात, धवला चालू असताना कमळाबाई थांबली. धवलारीण कधी मध्येच थांबत नाही. देवांना बोलावून अर्ध्या वाटेवर कसं सोडायचं? पण ती थांबली आणि म्हणाली, "पयले पोरीला इचारा. तवर मी नाय गानार."

कुणी विचारलं नाही. शेजारच्या गावाहून दुसरी धवलारीण आली आणि लग्न लागलं. कमळाबाईला मात्र त्यानंतर एकाही मांडवात बोलावणं आलं नाही. माझ्यामुळे ती तसं वागली असं मी म्हणणार नाही, उगाच मोठेपणा नको. ती मुळातच तशी होती. पण रघूची खात्री झाली. "त्या बालाजीवालीनीच बिघरवली माझे आयेला," असं म्हणत त्याने मला ट्रंकेत टाकलं. कमळाबाईनेही तोंड मिटलं ते मिटलंच. स्वयंपाक करताना साधं गुणगुणणंसुद्धा नाही.

तीस-बत्तीस वर्षं मी अंधारात काढली. बाहेर भातशेतं गेली, टॉवर आले. रघूचं लग्न झालं, मुलगी झाली, ती कल्पिता. यंदा कल्पिताचं लग्न ठरलं. डोंबिवलीचा नील तिने स्वतःच निवडलेला. तिची एकच अट होती, धवले आजीने गायचे. आजीशिवाय ते आता गावात कुणालाच येत नव्हते. ती आत्ता गायली नाही तर ते तिच्याबरोबरच जाणार, हे कल्पिताला कळत होतं.

"डीजे लावा," कमळाबाई म्हणाली. "गावानं तोंड बंद केलाय माझा. ता आता उघरनार नाय."

हळदीची भांडी काढायला ट्रंक उघडली आणि कल्पिताच्या हाती मी लागले. कव्हरवरचा चेहरा बघून ती ओरडलीच. "आजी! ही आपल्याकडे? अगं, हिचं गाणं माझ्या फोनमध्ये आहे!" तीन दशकांनी मला कुणीतरी ओळखलं होतं. 

माळ्यावरचा टेप काढला. त्याचा पट्टा सैल झाला होता, त्यामुळे माझी चाकं रेंगाळत फिरू लागली आणि आवाज जड, खोल निघाला.

"हिचा बी गला बसला काय? म्हातारी झाली आसल," कमळाबाई पुढे सरकली.

"गेली गं ती. दोन-तीन वर्षं झाली."

कल्पिताने फोनवर दाखवलं. तिच्या अंत्ययात्रेच्या दिवशी तिच्या गावात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं उभी होती. देशोदेशीच्या पोरी तिची गाणी गात होत्या, कुणी तिच्यासारखं डोकं भादरून. रोलर बघून टाळ्या पिटणाऱ्यांच्या नातीही त्यात असतील. मी थक्क झाले. मला वाटायचं, ती माझ्या पोटात आहे म्हणून जिवंत आहे. ती तर सगळीकडे होती.

तेवढ्यात माझी पट्टी टेपच्या हेडमध्ये गुंतली आणि तुटली. गाणं ओळीच्या मध्येच बंद पडलं.

"मधीच कशी थांबली गो ही?" कमळाबाई चिडून म्हणाली.

"तू पण मधीच थांबलेलीस ना, आजी."

कमळाबाईने टेप बंद केला. तिने मला उचललं, लोंबणारी पट्टी सावकाश आत सारली आणि आपल्या पानाच्या चंचीत ठेवून दिलं.

त्या चंचीतूनच मी लग्नाला गेले. मांडवात कमळाबाई पाटावर बसली, मागे झील धरायला, म्हणजे तिची ओळ पुन्हा म्हणायला, तीसेक बायका. पहिल्या ओळीला आवाज फाटला. दुसरीला जरा सावरला. तिसरीला मात्र मांडवातल्या माना वळल्या. तिने धरतरीला बोलावलं, एकवीरेला, गावदेवीला. मग गेलेल्यांना बोलावलं. नवऱ्याला, धवले शिकवणाऱ्या सासूला. यादी संपली असं समजून बायकांनी शेवटची झील उचलायला श्वास घेतला, पण कमळाबाई थांबली नाही.

"ये गो बालाजीवाली, मांडवान ये."

ही कोण, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण धवलारीण म्हणेल ते म्हणायचं, असा रिवाज. तीस बायकांनी एका सुरात त्या आयर्लंडच्या पोरीला शीळफाट्याच्या मांडवात बोलावलं.

मी आता वाजत नाही. मला जपून ठेवा असा माझा हट्टही नाही. कल्पिता आजीकडून धवले शिकतेय, आणि त्या यादीतून आता हे नाव कुणी काढणार नाही. एवढंच मागते. पुढे कधी कुणी विचारलं, ही बालाजीवाली कुठल्या गावची, तर सांगा, आपलीच आहे.