डावा हात लाव

इंदिरानगरच्या टोकाला एका रो-हाऊसच्या पार्किंगमध्ये दर गुरुवारी तापलेली पोरं जमत. म्हणजे अर्थात त्यांच्या आया नि आज्या जमत. पोरांना कुणी विचारलं नव्हतं. शटर अर्धं ओढलेलं, बाजूला हिरवी जाळी लावलेली, धुपाचा धूर कोंडलेला. त्या हिरवट उजेडात प्रत्येक चेहरा आजारी दिसे. पोरं मोठ्यानं रडत नव्हती, नुसती कण्हत होती. यशोदाबाईंना ते कण्हणं ओळखीचं वाटत होतं आणि म्हणूनच त्यांना त्याची भीती वाटत होती.

त्यांच्या मांडीवर दहा महिन्यांची नात होती, सृष्टी. अंगात स्वेटर, डोक्यात कानटोपी, वरून गोधडी. सून अंजली एका शाळेत क्लार्क. सकाळी निघताना तिनं बजावलं होतं, "आई, पातळ झबलंच राहू द्या. औषध पाजलंय. घोट घोट पाणी देत राहा. अंग जास्त वाटलं तर थर्मामीटर लावा आणि लगेच मला फोन करा." यशोदाबाईंनी मान हलवली आणि दार लागताच कपाटातली गोधडी काढून पोरीला गुंडाळलं. पोरीला वारा लागला तर? मुलगा प्रफुल्ल मनमाडला रेल्वेत, ड्युटीवर. मग विचारायचं कुणाला? शेजारच्या सुलाबाईंना. आणि सुलाबाईंकडे प्रत्येक दुखण्यासाठी एक बापू तयारच असतो.

यशोदाबाईंच्या घरी भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब. बावीस प्रतिज्ञा त्यांना तोंडपाठ. निघताना त्यांनी भिंतीकडे बघायचं टाळलं होतं. पण प्रतिज्ञा एकीकडे आणि कुंदन दुसरीकडे. कुंदन त्यांचं पहिलं लेकरू. देवळ्याकडच्या गावात, जयंती तोंडावर आलेली, वस्तीतली घरं चुन्यानं पांढरी करायचं काम चाललेलं, आणि हा तापला. झटके आले आणि गेला. गोधड्यांत गुंडाळलेला, ओल्या चुन्याच्या वासानं भरलेल्या खोलीत. तेव्हापासून घरात कुणाचंही अंग तापलं की यशोदाबाईंना भिंतीतून कण्हणं ऐकू येई. हे त्यांनी मुलाला सांगितलं नव्हतं, सुनेला सांगितलं नव्हतं. सांगितलं होतं ते फक्त सुलाबाईंना.

चौरंगावर बसलेल्या बापूंना लोक उतारेबापू म्हणत. खरं आडनाव काय होतं कुणास ठाऊक. बोलणाऱ्याची माती खपते म्हणतात. बापू तर माती नाही, दगड विकत होते, पण ते पुढं कळेल.

"आता मला सांगा," बापू म्हणाले, "तुम्ही म्हणता ताप उतरला. डॉक्टरबी म्हणतो ताप उतरला. मंग उतरून गेला कुठं? माणूस एसटीतून उतरला तर स्टँडवर दिसतो का नाय? मंग तापाचं स्टँड कुठं हाय? डॉक्टर ते दाखवत नाय. म्हणून डॉक्टरचा उतरलेला ताप संध्याकाळी पुन्हा त्याच गाडीत चढतो."

बायका हसल्या. दोन दिवस सृष्टीचं तसंच तर चाललं होतं. औषधानं उतरायचा, पुन्हा चढायचा. यशोदाबाईंना वाटलं, हा माणूस आपल्या घरात डोकावून आलाय.

त्यांची पाळी आली. बापूंनी लाल कापडाची लिंबाएवढी पुरचुंडी घेतली, बाळावरून ओवाळली, तांब्यातल्या गोदेच्या पाण्यात बुचकळली आणि यशोदाबाईंच्या उजव्या मुठीत दिली. "घट्ट धरा. उजव्याच हातात. डावा हात बाळाच्या कपाळाला लावायचा नाय, अशुभ असतो. ताप उतरताना त्याला डावी वाट दिसली तर तो माघारी फिरतो."

पुरचुंडी आधी गार होती. बापू मंत्र पुटपुटत राहिले आणि ती हळूहळू कोमट झाली, मग गरम, मग चटका बसेल इतकी गरम. पार्किंगमधल्या बायका माना उंचावून बघू लागल्या.

"आता त्याच हातानं कपाळ बघा."

यशोदाबाईंनी पुरचुंडी बोटांच्या टोकाशी धरून तळहात सृष्टीच्या कपाळावर ठेवला. कपाळ गार लागलं.

"उतरला," मागून सुलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी हात जोडले.

यशोदाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्याच वेळी पुरचुंडीतून एक वाफ निघाली आणि तिचा वास त्यांच्या नाकात गेला. तो वास. ती खोली. इतक्या वर्षांनी कुंदन जवळ येऊन बसलाय असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी घाबरून बाळाला छातीशी ओढलं.

त्यांचा पांढरा पडलेला चेहरा बापूंनी टिपला. आवाज खाली आणून ते म्हणाले, "तुमच्या घरात आधी एक लेकरू गेलंय. पोरगा. तापातच गेलाय. त्याला दूध पाहिजे, कूस पाहिजे. तोच या पोरीत शिरू बघतोय. आज तात्पुरता उतरवलाय. त्याची शांत करावी लागंल. तोवर दवाखाना बंद, औषध बंद. औषधानं तो चिडतो."

सुलाबाईंनी हे बापूंना आधीच सांगितलं असेल, असं यशोदाबाईंना सुचलंच नाही. आयुष्यभर त्या कुंदनला भ्यायल्या होत्या, त्याच्यासाठी झुरल्या होत्या. पण तो वाईट असेल असं त्यांच्या मनात कधी आलं नव्हतं. एवढंसं लेकरू. सख्ख्या भावाच्या पोरीला छळेल?

"माझा कुंदन असा नाय," त्या म्हणाल्या.

बोलता बोलता त्यांनी बाळाची मान सावरली. डाव्या हातानं. कानटोपीखाली बोटं गेली आणि त्यांनी हात झटकन मागं घेतला. मान भाजत होती. त्यांनी उजवा हात पुन्हा कपाळावर ठेवला, कपाळ गार. मग डावा ठेवला, कपाळ तव्यासारखं. एकाच बाईचे दोन हात, आणि दोघांची साक्ष वेगळी.

"डावा लावू नका म्हटलं ना," बापू करड्या आवाजात म्हणाले.

यशोदाबाईंनी पुरचुंडी खाली ठेवली आणि गाठ सोडली. आत भूत नव्हतं, ताप नव्हता. पांढरे खडे होते, वाफ सोडत, तडकत, फुटून पीठ होत असलेले. दर जयंतीला त्यांनी स्वतः मडक्यात पाणी घालून हे खडे विझवले होते. पाणी पडलं की ते खदखदतात हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"कळीचा चुना हाय हा," त्या म्हणाल्या.

बापूंनी घाईनं कापड ओढलं, पण तेवढ्यात सृष्टीचे डोळे वर गेले. हातपाय ताठ झाले आणि झटके द्यायला लागले.

"आलं, बाहेरचं आलं!" कुणीतरी ओरडलं. "कांदा फोडा, चप्पल हुंगवा." एका बाईनं दात उघडायला चमचा पुढं केला. कुंदनच्या वेळी हे सगळं झालं होतं, याच क्रमानं, आणि तेव्हा यशोदाबाई हात जोडून बसल्या होत्या.

या वेळी त्या उठल्या. गोधडी टाकली, टोपी टाकली, स्वेटर ओढून काढला. पोरीला कुशीवर धरलं आणि शटरखालून वाकून थेट रस्त्यावर आल्या. रिक्षात बसेस्तोवर झटका थांबला होता. पोर निपचित पडली होती, पण श्वास चालू होता. तो श्वास मोजण्याची हिंमत यशोदाबाईंना झाली नाही. त्या नुसत्या तिच्या तोंडाजवळ गाल धरून बसल्या आणि अंजलीला फोन लावला.

दवाखान्यात डॉक्टर स्नेहांनी आधी बाळाला बघितलं, सगळं बोलणं मागाहून. सृष्टी रडायला लागली तेव्हा अंजली दारातून आत येत होती. सून काही बोलायच्या आत यशोदाबाईंनीच सगळं सांगितलं, गोधडीसुद्धा.

"आजी, गरम वस्तू धरलेल्या हाताला तापलेलं कपाळही गार लागतं," डॉक्टर म्हणाल्या. "बापूंची सगळी जादू तुमच्याच तळहातात होती. आणि झटका तापाचा. एवढ्या लहान पोरांना ताप वाढताना येतो कधी कधी. बहुतेकदा आपसूक थांबतो. कुशीवर धरायचं, तोंडात काही घालायचं नाही आणि दवाखाना गाठायचा. तुम्ही तेच केलंत."

"आमच्या कुंदनलाबी तेच झालं असंल?"

डॉक्टर त्यांच्याकडे वळल्या. "बघितल्याशिवाय सांगता येत नाही. पण तो कुणाला छळायला आला नव्हता, आजी. आजारी होता."

पुढच्या गुरुवारी सासू-सुना पुन्हा त्या पार्किंगमध्ये गेल्या. तोच हिरवा उजेड, तेच कण्हणं. एका तरुण आईनं पुरचुंडी धरलेला हात नुकताच बाळाच्या कपाळावर ठेवला होता आणि तिचा चेहरा उजळला होता.

"पोरी," यशोदाबाई मागून म्हणाल्या, "डावा हात लाव."

"अशुभ असतो," बापू गरजले.

"त्याच हातानं पोराचं ढुंगण धुते ती. तेव्हा अशुभ नसतो? लाव गं. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

मुलीनं बापूंकडे बघितलं, मग बाळाकडे. डावा हात लावला. तिचा चेहरा उतरला, आणि त्या पार्किंगमध्ये खरोखर उतरली ती तेवढी एकच गोष्ट.

"खड्यावर पाणी पडलं की तो तापतो," यशोदाबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या. "चुना लावतोय हा तुम्हाला, तोबी कळीचा. पोर तापलं तर कपडे पातळ करा, पाणी पाजा, काचेची नळी नायतर मशीन लावून ताप बघा आणि डॉक्टर सांगंल तेवढंच औषध द्या. झटका आला, पोर पिईना, डोळे उघडीना, तर इथं नाय, दवाखान्यात जा. ताप कुठं उतरला ते हुडकत बसू नका. तो पोराच्या अंगातच असतो, अन् तिथंच त्याला बघावं लागतं."

ती मुलगी बाळाला घेऊन उठली. तिच्या मागं आणखी एक उठली. सुलाबाईंनी कुणाचं लक्ष नाही असं बघून मांडीवरच्या नातवाच्या मानेला डावा हात लावला आणि त्याही उठल्या.

घरी आल्यावर यशोदाबाई भिंतीसमोर उभ्या राहिल्या. फोटोंकडे सरळ बघितलं. मग भिंतीला कान लावला. कण्हणं ऐकू आलं नाही असं नाही. पण आता त्यांना भीती वाटली नाही, नुसतं रडू आलं. कुंदन भूत नव्हता. त्याला ताप आला होता, आणि त्याला कुणी दवाखान्यात नेलं नव्हतं.